मुरलेलं नाक

ते २०२३ साल होतं. आमच्या गल्लीत मात्र ते साल आकड्यानं कोणी सांगत नाही. "दगूबाईंनी गल्ली ठसकवली ते वर्ष" एवढं म्हटलं की शाळकरी पोरालाही समजतं.

दगूबाई पाटील नंदुरबारच्या एका मिरची संघात काट्यावर कारकून होत्या. गाडी काट्यावर चढायची, दगूबाई वजन वाचायच्या, खिडकीतून खणखणीत पुकारायच्या आणि चिठ्ठी द्यायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण काट्याची खोली मिरची वाळवायच्या पथारीला अगदी चिकटून. थंडीत तिथं नजर जाईल तिथवर लाल, आणि वारा सुटला की तो लाल थेट नाकात. पूर्वी, लोखंडी मापं सरकवून वजन करायचे त्या काळात तर, सुरतेकडून येणारी पॅसेंजर स्टेशनात शिरताना डब्याच्या खिडक्या धडाधड खाली पडायच्या. एखादा परका प्रवासी विचारायचा, "काय झालं हो?" आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच शिंकायचा.

अशा ठिकाणी नवा माणूस पहिले पंधरा दिवस काम करत नाही, नुसता शिंकतो. मग हळूहळू नाक मुरतं. लोणचं मुरतं तसंच, घाई करून उपयोग नसतो. दगूबाईंचं नाक तीस वर्षांचं मुरलेलं. त्यांच्यासमोर दोन अधिकारी रुमाल तोंडाला लावून पळाले, एक लेखापरीक्षक फाइल न तपासताच सही करून गेला, पण दगूबाई कधी शिंकल्या असं कोणाला आठवत नव्हतं.

तर त्या वर्षी आषाढात त्यांच्या मणक्यातली गादी सरकली. कशानं सरकली याबद्दल गल्लीत तीन मतं होती, ती सोडून देऊ. नाशिकला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि हो, काही महिने जोरात शिंकायचं नाही."

दगूबाई पट्ट्यात बांधलेल्या असूनही हसल्या. "डॉक्टरसाहेब, मी मिरचीच्या काट्यावर बसते. मला शिंक येत नाही."

डॉक्टरांना वाटलं भूल अजून उतरली नाही. त्यांनी पितांबर अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणजे दगूबाईंचे यजमान, निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांनी मान डोलावली. "खरं आहे. आमच्या लग्नात हळद लावतानासुद्धा शिंकली नाही."

आता इथं संघाची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होतो. काट्याची पूजा होते, पहिली गाडी चढते, आणि जो माणूस ती गाडी तोलतो त्याला चेअरमन टिळा लावतात. मग पार होळीपर्यंत काटा त्याचाच. मध्येच माणूस बदलायचा नाही, बदलला तर हंगाम बिघडतो अशी समजूत. करणसिंग काका म्हणून दगूबाईंच्या आधीचे कारकून एका दसऱ्याला तापानं घरी राहिले. त्यांना पुढं मागच्या खोलीत रिकामी पोती मोजायला बसवलं. त्या खोलीला सगळे बारदानखाना म्हणत. काका तिथूनच निवृत्त झाले. काट्यावर परत आले ते निरोपाच्या दिवशी, फोटो काढायला.

दगूबाई पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. म्हणजे हा दसरा हुकला की शेवटचा हंगाम गेला, आणि तीस वर्षांचा खणखणीत आवाज बारदानखान्यात पोती मोजण्यात संपला. करणसिंग काकांची ती खोली त्यांच्या डोळ्यासमोरून हलेना.

"रिनानी माय, तू घरमाच बठ," अप्पा नेहमीसारखी लेकीच्या नावानं हाक मारून म्हणाले. "मन्ही पेन्शन शे ना."

"तुमन्ही पेन्शन तुमले," दगूबाई म्हणाल्या. "मन्हा काटा माले."

भाद्रपदात त्या पट्टा आवळून, अप्पांचा हात धरून संघात गेल्या. हजर होण्याचा अर्ज द्यायचा होता. व्यवस्थापक भाग्येश साहेब तरुण, गोड बोलणारे. त्यांच्या शेजारी त्यांचा मेहुणा धर्मेंद्र बसला होता. डोक्याला जेल, तोंडाला मास्क. मागच्या हंगामाची उरलेली पोती कोपऱ्यात होती.

"मॅडम, तुम्ही आराम करा," भाग्येश साहेब म्हणाले. "यंदा धर्मेंद्र बसेल काट्यावर. तुमच्यासाठी आत शांत जागा ठेवलीय. पंखा आहे, खिडकी नाही. धूळच नाही."

दगूबाईंना ती शांत जागा कोणती ते बरोबर समजलं. त्या बोलायला तोंड उघडणार, तोच एका हमालानं कोपऱ्यातलं पोतं ओढलं.

आणि दगूबाईंच्या नाकात काहीतरी हललं.

तीन महिने घरी राहून नाक विसरलं होतं! तीस वर्षांची मेहनत वाया! दगूबाईंनी पदर नाकाशी दाबला, डोळे मोठे केले, टेबलाची कड पकडली. अप्पांना डॉक्टर आठवले. त्यांनी पुढं होऊन भर ऑफिसात बायकोचं नाक चिमटीत धरलं.

लग्नानंतरच्या छत्तीस वर्षांत अप्पांनी चारचौघांत बायकोला केलेला हा पहिला स्पर्श. दगूबाईंना शिंकेपेक्षा त्याचीच लाज जास्त वाटली.

"पाहिलंत?" भाग्येश साहेब हळुवारपणे म्हणाले. "मला तुमच्या पाठीची काळजी आहे."

दगूबाई घरी अहिराणी बोलत, पण रागावल्या की शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत. आता त्या म्हणाल्या, "आपण माझ्या पाठीची चिंता करू नये. मी दसऱ्यास उपस्थित राहीन."

घरी आल्यावर त्यांनी डब्यातल्या सुक्या मिरच्या काढल्या आणि तवा गॅसवर ठेवला.

"काय करी ऱ्हायनी?" अप्पांनी विचारलं.

"नाक मुरवी ऱ्हायनू."

पहिल्या संध्याकाळी दोनच मिरच्या होत्या. पण आमची गल्ली अरुंद, घरं भिंतीला भिंत लावून. धूर दगूबाईंच्या खिडकीतून निघाला आणि वाटेतल्या एकाही घराला न चुकता भेटून गेला. समोरचे हिलालभाऊ ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर आले. हे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर तक्रार अर्ज हाच त्यांचा विरंगुळा.

"वहिनी, डोयामा आग व्हई ऱ्हायनी, आग!"

"भाऊ, खिडकी लावा."

"खिडकी लावीसन झोपू? भाद्रपदमा?"

अप्पांनी स्वतःपुरता मार्ग काढला. स्कूटरचं हेल्मेट घालून, काच खाली करून ते स्वयंपाकघरात उभे राहू लागले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात उशी. उशीची कल्पना रमिलाबाईंची. रमिलाबाई आमच्या शेजारी, मूळच्या डोंगरातल्या काठी गावच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सगळ्या गल्लीला इंजेक्शन त्यांनी दिलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढं आवाज चढवायची कोणाची हिंमत नाही.

"शिंक दाबायची नाही हो, बाई," त्या दगूबाईंना म्हणाल्या. "दाबली की पाठीला जास्त हिसका. ताठ उभं राहायचं, उशी पोटाशी घट्ट, एका हातानं खांब धरायचा, मान वर. आणि वाकायचं नाही. मग येऊ द्या खुशाल."

"पण मला शिंकायचंच नाहीये."

"ते तुमच्या नाकाला सांगा. मी पाठीपुरतं सांगितलं."

मग रोज सकाळी अंगणात सराव सुरू झाला. अप्पांनी आयुष्यभर पोरांकडून कवायत करून घेतलेली. ते ओसरीवरून ओरडायचे, "सावधान! उशी! खांब! मान वर! शिंक!" आणि दगूबाई पट्टा, उशी, खांब सगळं सांभाळून कोरडं "आक्छी" म्हणायच्या. येणारे जाणारे थांबून बघायचे. दूधवाल्यानं आठवडाभर दूध उशिरा टाकलं, कारण तो आमच्याच गल्लीत रमायचा.

संध्याकाळी मिरच्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या मूठभर.

इथं गोष्टीला जे वळण लागलं ते दगूबाईंच्या मनातही नव्हतं. रोज तिन्हीसांजेला एक बाई मिरच्या जाळते, याचा अर्थ गल्लीतल्या बायकांनी आपल्या परीनं लावला. त्या एकेक करून नातवंडं घेऊन यायला लागल्या.

"आक्का, मन्हा नातूनी बी नजर काढी द्या ना. तवा तापेलच शे."

नाही कसं म्हणायचं? मग नातू, मग नातसून, मग कोणाची नवी मोटारसायकल. ती तर ओसरीपर्यंत चढवून आणली आणि तिच्या हँडलवरून मिरच्या ओवाळल्या. सगळे खोकायचे, डोळे पुसायचे आणि समाधानानं घरी जायचे, कारण मिरचीचा ठसका लागला म्हणजे नजर नाही, हा हिशेब सगळ्यांना पाठ.

पण तो हिशेब दगूबाईंवरच उलटला. त्यांचं नाक मुरत चाललं तसा त्यांचा ठसका कमी होऊ लागला. आधी खोकला थांबला, मग डोळ्याचं पाणी थांबलं. दगूबाई खूश. आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तवा धुमसतोय, सगळी गल्ली खोकतेय, आणि आक्का ढिम्म! केवढी दांडगी नजर असेल! ती रोज वाढतच चाललीय!

"कोनी लागनी व्हई वं माय?" एकीनं डोळे विस्फारून विचारलं.

"कोणाची नाही. माझं नाक सुधारतंय," दगूबाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या. म्हणजे त्या चिडल्या होत्या. बायकांनी मात्र त्याचाही अर्थ नजरेकडेच लावला. खुद्द अप्पा एके दिवशी हेल्मेटच्या आतून हळूच म्हणाले, "काढी टाकू का एकदा, तुन्ही बी?" भूगोलाचा शिक्षक! दगूबाईंनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्यांना बाहेर बसवलं.

मध्येच हिलालभाऊंच्या अर्जाला फळ आलं. पालिकेचा एक माणूस चौकशीला आला. राहत्या घरात विनापरवाना मिरची उद्योग चालतो, अशी तक्रार. तो बिचारा दारातच इतका शिंकला की त्याच्या हातातली नोटीस उडून नाल्यात गेली. रमिलाबाईंनी त्याला खाली बसवलं, पाणी पाजलं. त्यानं जाताना हिलालभाऊंकडे बघून हात जोडले आणि परत कधी आला नाही.

आता राहिलं कामावर हजर होण्यासाठी लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. नाशिकच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, बसून करायच्या कामास योग्य. भाग्येश साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"यात धुळीचा उल्लेख नाही, मॅडम."

दगूबाई गावातल्या डॉक्टरकडे गेल्या. तो म्हणाला, पाठीचं मी लिहीन, धूळ नाकात जाते, नाकाचं नाकवाल्याकडून आणा. नाकवाल्यानं बॅटरी लावून आत बघितलं, कौतुकानं मान हलवली आणि लिहिलं, नाक निरोगी, किंचित नाजूक.

"नाजूक!" घरी आल्यावर दगूबाई म्हणाल्या. "सत्तावन्नाव्या वर्षी माझ्यात काही नाजूक आहे असं लेखी देणारा हा पहिला पुरुष. आणि तेसुद्धा नाक!"

भाग्येश साहेबांनी त्या एका शब्दाखाली लाल रेघ मारली. त्यांच्या केबिनमध्ये त्या वेळी चेअरमन उदेसिंग आबा चहा पीत बसले होते. ऐंशी ओलांडलेले, पांढऱ्या मिशा, बोलणं थोडं आणि मोठ्या आवाजात, कारण स्वतःला कमी ऐकू यायचं.

दगूबाई म्हणाल्या, "साहेब, धर्मेंद्र यांचं धुळीचं प्रमाणपत्र कृपया दाखवावं."

धर्मेंद्र उत्तर द्यायला गेला आणि मास्कच्या आत शिंकला. मास्क फुगला आणि परत बसला.

आबा खदखदा हसले. भाग्येश साहेबांचा गोडवा जरा ओसरला. "ठीक आहे. तुम्ही मुहूर्ताला बसा. पण एक अट. त्या वेळी तुम्हाला शिंक आली, तर तुमच्या पाठीलाही धोका आणि मुहूर्तालाही अपशकुन. मग तुम्ही उठायचं, धर्मेंद्र बसेल. नंतर तक्रार नको."

"मान्य," दगूबाई म्हणाल्या.

अप्पांनी घरी येताना रस्त्यात विचारलं, "आनी शिंक उनी त?"

"येवाव नही. मूठभर मिरची पचाडी मी."

दसऱ्याला काट्यावर आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. रिक्षाचे धक्के पाठीला चालत नव्हते म्हणून दगूबाई घरापासून पायी निघाल्या. पट्ट्यावर नवी हिरवी साडी. मागं उशी घेतलेले अप्पा. त्यांच्या मागं रमिलाबाई, मग नजर काढून घेतलेली सगळी गल्ली, आणि सर्वांत शेवटी, अट मोडली तर बघायला मिळावं म्हणून, हिलालभाऊ. धर्मेंद्र इस्त्रीच्या कपड्यांत काट्याच्या दारातच उभा होता.

पहिला ट्रॅक्टर ओल्या लाल मिरचीनं भरून काट्यावर चढला. पथारी झाडली होती, धूळ उठली होती. दगूबाईंनी खिडकीशी बसून खोल श्वास घेतला. मुद्दाम. लोक बघत होते. धर्मेंद्र शिंकला, ड्रायव्हर शिंकला, गल्लीतल्या बायका पदरात खोकल्या. दगूबाईंचं नाक जागचं हललं नाही. त्यांनी आकडा वाचला आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात पुकारला. पार फाटकापर्यंत ऐकू गेला. जुन्या हमालांनी माना डोलावल्या. भाग्येश साहेब घड्याळ बघायला लागले.

मग टिळा. दगूबाई पाठ जपत उभ्या राहून दाराशी आल्या. उदेसिंग आबांचा हात आता कापायचा. त्यांनी ताटातला गुलाल चिमटीत घ्यायच्या ऐवजी मूठभरच घेतला, आणि कपाळाला लावता लावता निम्मा खाली सांडला. कोरडा, बारीक, तरंगता गुलाल. थेट नाकावर.

सगळ्या भाद्रपदात, सगळ्या नवरात्रात दगूबाईंनी नाकाला एकच गोष्ट शिकवली होती. गुलालाचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दगूबाईंचे डोळे मोठे झाले. नाकपुडी हलली. गल्लीला ती खूण पाठ होती. सगळ्यांनी श्वास रोखला.

"उशी!" अप्पा ओरडले. उशी त्यांच्याच काखेत होती, पण ते ती शोधत स्वतःभोवती फिरले.

"दाबू नका!" रमिलाबाई गर्दीतून ओरडल्या. "खांब धरा! मान वर!"

एक क्षण दगूबाईंच्या डोळ्यांपुढं बारदानखाना उभा राहिला. पंखा आहे, खिडकी नाही. नाक दाबलं तर जागा वाचेल, पाठ जाईल. त्यांनी दाराचा लोखंडी खांब पकडला. दुसरा हात नाकाकडे गेला नाही, पोटावर गेला. मान वर केली, ताठ उभ्या राहिल्या, आणि तीस वर्षांची तुंबलेली शिंक त्यांनी दसऱ्याच्या मोकळ्या आभाळाकडे तोंड करून दिली.

झेंडूची माळ हलली. ट्रॅक्टरवर बसलेले कावळे उडाले. आबांच्या हातातला उरलेला गुलाल सगळ्यांच्या अंगावर पसरला.

दगूबाई तशाच उभ्या. हळूच एक पाय हलवला. मग दुसरा. पाठ जागेवर होती.

"मॅडम," भाग्येश साहेब पुढं आले, "अट ठरली होती. मुहूर्ताला शिं..."

पुढचं अक्षर त्यांना सापडलं नाही, कारण गुलाल त्यांच्याही नाकात शिरला होता. साहेब शिंकले. धर्मेंद्र शिंकला. उदेसिंग आबा दोनदा शिंकले आणि मिशा पुसून म्हणाले, "शिंकनाराले उठाडनं व्हई त पहिले मी उठस. मंग तू ऊठ. मंग तुन्हा सालाले उठाड. आते काटावर कोन ऱ्हायनं, सांग?"

हमालांमध्ये हशा पिकला. साहेब रुमालात तोंड घालून काहीतरी म्हणाले, पण ते रुमालातच राहिलं.

"आनी मिरचीना बजारमा शिंकना अपशकुन?" आबा आणखी मोठ्यानं म्हणाले. "ज्या दिन आठे कोणीच शिंकनं नही, त्या दिन समज मिरचीच उनी नही!"

दगूबाई हे ऐकायला थांबल्याच नव्हत्या. त्या आत जाऊन खुर्चीत बसल्या होत्या, ताठ, नाकावर गुलाल तसाच. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी ड्रायव्हरला खूण केली.

"पुढची गाडी घ्या."

त्या हंगामात अवकाळी पावसानं पथारीवरची मिरची भिजवली, फार नुकसान झालं, पण दगूबाई होळीपर्यंत काट्यावरून हलल्या नाहीत. मे महिन्यात निवृत्त झाल्या. संघानं शाल दिली, आणि धर्मेंद्रनं वर्गणीत न घालता स्वतःच्या पैशानं एक उशी दिली. दुसऱ्या वर्षी तोच काट्यावर बसला. पंधरा दिवस शिंकला, मग त्याचं नाक मुरलं. आता तो मास्क लावत नाही, जेलही लावत नाही. मिरचीची पूड जेलला चिकटते.

भाग्येश साहेब खापर गावच्या एका पतसंस्थेत गेले. तिथं धूळ नाही, असं ते भेटेल त्याला सांगतात.

हिलालभाऊंची पुढच्या पावसाळ्यात पाठ धरली. एका सकाळी ते दगूबाईंच्या ओसरीवर आले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, ती उशी कामनी शे का?" दगूबाईंनी दिली. कवायतीसकट दिली. अप्पांना नवा विद्यार्थी मिळाला, आणि दूधवाल्याला परत उशीर व्हायला लागला. हेल्मेट आजही स्वयंपाकघरात खुंटीला आहे. मिरचीची फोडणी असली की अप्पा ते घालतात. रमिलाबाई दर होळीला काठीला जातात आणि तिथं ही गोष्ट सांगतात. त्यांच्या सांगण्यात ट्रॅक्टर उलटतो.

उदेसिंग आबा त्यानंतर एकच दसरा राहिले. त्या दसऱ्याला त्यांनी माणूस पाठवून दगूबाईंना बोलावून घेतलं, खांबाशी उभं केलं आणि मुद्दाम मूठभर गुलाल घेतला. आबा गेले, पण रीत राहिली. काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, ट्रॅक्टर चढायला उभा असतो, तरी धर्मेंद्र पेन उचलत नाही. निवृत्त दगूबाई खांब धरतात, मान वर करतात. सगळे वाट बघतात. त्यांची शिंक झाल्याशिवाय पहिली गाडी काट्यावर चढत नाही.